वाटणी : शेताची आणि हार्ड डिस्कची

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस वाटणी हा शब्द कांहीं नवा नाहीं. शेत तेंच असतें, माती तीच असते, विहीरहि जागची हलत नाहीं. परंतु तलाठ्याच्या दप्तरांत चार ओळी नव्या लिहिल्या जातात, आणि कालपर्यंत एक असलेल्या शेताचे चार हिस्से होतात. नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडी हें गांव ज्या मुलखांत आहे, त्या मुलखानें तर ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर अनुभविली आहे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशास पुढें धुळें जिल्हा म्हणूं लागले. आणि १ जुलै १९९८ रोजीं त्यांतूनहि नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. सातपुडा हलला नाहीं, कीं तापीनें आपला मार्ग सोडला नाहीं. बदललीं तीं दप्तरें. संगणकांतील हार्ड डिस्कची वाटणी, जिला पार्टिशन म्हणतात, ती याच जातीची आहे. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे फॉरमॅट या शब्दाची भीतिहि जाते आणि त्याविषयींचा फाजील धीटपणाहि जातो.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या, गरगर फिरणाऱ्या तबकड्यांची पेटी. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं अशी पहिली पेटी बाजारांत आणली, तेव्हां तींत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सर्वांवर मिळून पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाईटच्या डिस्कवर त्याच्या दोन लक्ष पट मजकूर मावतो. ही जागा ५१२ किंवा ४०९६ बाईटांच्या लहान लहान वाफ्यांत आंखलेली असते. या वाफ्यांस सेक्टर म्हणतात व प्रत्येकास क्रमांक असतो. अलीकडे तबकड्यांच्या जागीं चिपांची एस. एस. डी. बसवितात, वाटणीची रीत दोहोंस एकच. एक टेराबाईट म्हणून विकत आणलेली डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते, त्यांत दुकानदाराची लबाडी नाहीं. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो व विंडोज १०२४ च्या पटीनें मोजतें, एवढाच भेद.

डिस्कचें वाटणीपत्र तिच्या अगदीं आरंभीच्या सेक्टरांत लिहिलेलें असतें. जुन्या रीतीस एम. बी. आर. म्हणतात. ही रीत १९८३ सालची. तींत चारच मुख्य हिस्स्यांस स्थान आहे, आणि क्रमांक लिहिण्यास ३२ बिटेंच मिळत असल्यामुळें ५१२ बाईटांच्या सेक्टरांची डिस्क असल्यास सुमारें २ टेराबाईटांपलीकडची जागा तिच्या मोजणींत येत नाहीं. हल्लींच्या जी. पी. टी. रीतींत विंडोज १२८ हिस्से मानतें, आणि वाटणीपत्राची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं ठेविलेली असते. जुन्या घरांतून महत्त्वाच्या दस्ताची एक नक्कल माडीवरच्या पेटींत ठेवीत, तोच हा शहाणपणा.

वाटणीनें हद्द ठरते. त्या हद्दींत संसार कसा मांडावयाचा, हें फॉरमॅटनें ठरतें. कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे याची नोंदवही उघडणें, हें फॉरमॅटचें मुख्य काम. या नोंदवह्यांचे प्रकार अनेक आहेत. विंडोजची एन. टी. एफ. एस., लिनक्सची बहुधा ई. एक्स. टी. ४. फॅट ३२ ही बहुतेक सर्व यंत्रांस वाचतां येते. परंतु तींत ४ जीबीएवढी एक फाइल मावत नाहीं. म्हणून पेनड्राइव्हवर जागा रिकामी दिसत असूनहि लग्नाची मोठी चित्रफीत तींत जात नाहीं. अशा कामीं एक्सफॅट बरी.

क्विक फॉरमॅट जुनी नोंदवही बाद करून कोरी मांडतो. मजकूर मात्र, वर नवें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, जागच्या जागीं पडून असतो. पूर्ण फॉरमॅट, विंडोज व्हिस्टापासून पुढें, सगळा हिस्सा शून्यांनीं भरून काढतो. यांतून दोन गोष्टी निघतात. चुकून क्विक फॉरमॅट झाला तर त्या डिस्कवर एक अक्षरहि न लिहितां ती जाणत्याकडे न्यावी. तबकड्यांच्या डिस्कवरून पुष्कळ कांहीं परत मिळतें. एस. एस. डी. रिकामी ठरलेली जागा स्वतःच साफ करीत असल्यानें तेथें आशा थोडी. उलटपक्षीं, जुना संगणक विकतांना क्विक फॉरमॅटवर विसंबूं नये. याच जिल्ह्यांतील टेंभली येथें २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. आज ते आधारपत्र, बँकेचे कागद, सातबारा, सर्वांच्या प्रती घरच्या संगणकांत असतात. त्या परक्याच्या हातीं जाणें बरें नव्हे.

घरच्या डिस्कचे दोन हिस्से पुरेत. 'सी' मध्यें विंडोज व तिचीं साधनें, 'डी' मध्यें घरचे कागद व चित्रें. ('ए' आणि 'बी' हीं अक्षरें पूर्वीं फ्लॉपीकडे होतीं, म्हणून आरंभ 'सी' पासून.) विंडोज बिघडली तर 'सी' तेवढा फॉरमॅट करावा, 'डी' ला हात लागत नाहीं. परंतु ही वाटणी म्हणजे सुरक्षितता नव्हे. एका भिंतीच्या आडोशानें दोन चुली मांडल्या तरी घर कोसळल्यावर दोन्ही विझतात. डिस्क निकामी झाली तर दोन्ही हिस्से जातात. म्हणून प्रत निराळ्या डिस्कवरच हवी.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधीं सर्व कांहीं बाहेरच्या डिस्कवर उतरवावें, आणि तें शक्य तर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावें. न उघडलेली प्रत ही प्रतच नव्हे. मग ती डिस्क काढून ठेवावी, म्हणजे भलतीच डिस्क निवडली जाण्याचा धोका टळतो. वीज मध्येंच जाणार नाहीं अशी तजवीज करावी. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्यें आकारावरून डिस्क ओळखून 'श्रिंक व्हॉल्यूम' नें 'सी' च्या शेवटची जागा मोकळी करावी व 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' नें तेथें नवा हिस्सा बांधावा.

आणि याहूनहि आधीं घरांतील सर्वांस विचारावें. संगणक एक असला तरी त्यांत नातवाचा प्रकल्प असतो, सूनबाईंचे हिशेब असतात, आजोबांचें अर्धवट लिहिलेलें टिपण असतें, आणि एखाद्या कोपऱ्यांत, कोणी नांवहि न दिलेल्या फाइलींत, आजीचा आवाज असतो. शेताची वाटणी चुकली तर पुन्हां मोजणी मागतां येते. या आवाजाची मोजणी पुन्हां होत नाहीं. हिस्सेदारांच्या संमतीवांचून आपण वाटणी पक्की मानीत नाहीं. तोच नियम येथेंहि पाळावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.