प्रोस्टेट: गोळी की ऑपरेशन?

साठीनंतर रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागलं, की 'वय झालं' म्हणून गप्प बसणारे कर्जत-खालापुरातही आहेत. या त्रासामागे असू शकणारी प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे; तरी तपासणी हवीच. उपचार ठरवताना ग्रंथीच्या आकाराइतकाच, किंबहुना जास्तच, त्रास मोजावा लागतो. डॉक्टर सात प्रश्नांवरून 35 पैकी गुण काढतात. आठवा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: हा त्रास जन्मभर राहिला तर चालेल का? चालणार असेल, तर रात्रीचं चहापाणी कमी करून थांबता येतं.

टॅम्सुलोसिन स्नायू सैल करतं, काही दिवसांत धार सुधारते. (मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल, तर ही गोळी चालू असल्याचं त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.) फिनास्टेराइडने ग्रंथी आकसते, पण त्याला सहा महिने लागतात. दुर्बिणीतून ग्रंथी खरवडली की आराम मोठा; मात्र नंतर बहुतेकांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं. लाजेपायी हे कुणी विचारत नाही, आणि ते मला फार खटकतं.

इथे अंतरही मोजावं. लघवी तुंबली तर मध्यरात्री डोंगरवाडीवरून कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागेल. असं वारंवार होत असेल तर ऑपरेशन लांबवू नये. तातडी नसेल तर भातलावणीच्या तोंडावरची तारीख मात्र टाळावी, कारण नंतर चार ते सहा आठवडे जड उचलायचं नसतं.