अंगठ्याचा हिशेब

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटं गमावलेले कामगार मी पाहिले आहेत. अपघातानंतर कानी येणारं वाक्य ठरलेलं: "तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस!"

कायदा असं मानत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेला की कमाईची क्षमता ३० टक्के घटली, असं धरलं; कारखान्याचंच नेहमीचं काम करणाऱ्या ठेकेदारी कामगाराची जबाबदारी मूळ मालकावरही टाकली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तत्त्वं आहेत. मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. पण त्या दिवशी आपण कामावर होतो, हे दाखवायला कागद लागतो. तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात जात असेल, तर आजच विचारा: हजेरीपटावर नाव आहे ना? पगाराची स्लिप मिळते ना?