गोल म्हणजे किती गोल?

लेखमाला : कॅमेरा आणि आकाश (भाग ७)

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे एक छायाचित्र घरोघरी पाहिलं जातं. बातम्यांत झळकणारी, ढगांनी माखलेली पृथ्वी. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या वसईच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे सरकत होतं, तेव्हा पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंत सगळ्यांची नजर अशाच चित्रांतल्या पांढऱ्या भोवऱ्यावर खिळली होती. भोवऱ्याकडे पाहताना पृथ्वीच्या गोल कडेकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आज ती कडच नीट पाहू.

हवामानाची अशी चित्रं पाठवणाऱ्या आपल्या उपग्रहांपैकी एक म्हणजे इन्सॅट-३डीआर. ८ सप्टेंबर २०१६ रोजी तो श्रीहरिकोट्याहून निघाला आणि ७४ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. वसईचा रेखांश ७२.८ अंश. म्हणजे हा उपग्रह आपल्या जवळजवळ थेट दक्षिणेला, मालदीवच्या आसपास विषुववृत्ताच्या माथ्यावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर उभा आहे. आपल्या फोनसारखा तो एका झटक्यात फोटो काढत नाही. त्याचा आरसा पृथ्वीवरून ओळीमागून ओळ फिरतो आणि पूर्ण चकती टिपायला त्याला पंचवीसेक मिनिटं लागतात. म्हणून चित्राचा वरचा आणि खालचा भाग एकाच क्षणाचा नसतो.

दुसरी गंमत अंतराची. इतक्या दुरूनही त्याला पृथ्वीचा अर्धा भाग दिसत नाही, साधारण ४२ टक्केच दिसतो. चारशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला तर एका वेळी जेमतेम तीन टक्के. म्हणून तिथून काढलेल्या फोटोंत पृथ्वीची फक्त वाकलेली कड येते, अख्खी चकती येत नाही. अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ रोजी घेतलेला ‘ब्लू मार्बल’ हा प्रसिद्ध फोटो अख्ख्या पृथ्वीचा आला, कारण तेव्हा ते चंद्राच्या वाटेवर सुमारे २९,००० किलोमीटर दूर पोचले होते.

मग राजोडीच्या किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत क्षितिज वाकलेलं दिसतं, ते काय? तो बहुतेक वेळा लेन्सचा प्रताप असतो. फोनचा वाइड अँगल लावा आणि क्षितिज चौकटीच्या वरच्या टोकाला घ्या. ते वर फुगल्यासारखं दिसू शकेल. खालच्या टोकाला घेतलं, तर उलटं वाकेल. मधोमध घेतलं की सरळ. फोनमधलं सॉफ्टवेअर हा दोष बराचसा पुसून टाकतं, तरी कडेला थोडा उरतोच. किनाऱ्यावरून पृथ्वीचा बाक असा आडवा दिसत नाही. पुढच्या दिशेला मात्र तो ओळखता येतो. पाण्याच्या काठी उभ्या माणसाचं क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. दहा किलोमीटरवर गेलेल्या बोटीचा खालचा सुमारे दोन मीटर भाग पाण्याआड जातो आणि झूम कितीही वाढवला, तरी तो परत दिसत नाही. डोलकाठी शेवटपर्यंत दिसते ती याचमुळे.

आता मूळ प्रश्न. फोटोतली चकती खरंच गोल आहे का? पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवांमधून जाणारा १२,७१४ किलोमीटर. फरक सुमारे ४३ किलोमीटरचा. एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ पाचपट! पण पृथ्वी ३० सेंटीमीटर रुंद काढली, तर हा फरक उरतो फक्त एक मिलिमीटर. पेन्सिलीच्या रेघेतच तो हरवेल. म्हणून ‘पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे’ हे शाळेतलं वाक्य खरं असूनही कोणत्याही फोटोत डोळ्यांना पटत नाही.

कारण आहे स्वतःभोवतीचं फिरणं. फिरणारं पिंड कमरेपाशी फुगतं. जितका वेग जास्त आणि घनता कमी, तितका फुगवटा मोठा. शुक्राला एक फेरी पुरी करायला २४३ दिवस लागतात, त्यामुळे तो जवळजवळ निर्दोष गोल आहे. याच ३० सेंटीमीटरच्या मापात मंगळ पावणेदोन मिलिमीटरने चपटा. दहा तासांच्या आत फेरी मारणारा गुरू मात्र दोन सेंटीमीटरने, आणि शनी तीन सेंटीमीटरने. गुरूचा चपटेपणा तर घराच्या गच्चीवरून छोट्या दुर्बिणीतूनही ओळखू येतो. आधी त्याचे पट्टे शोधा. ते विषुववृत्ताला समांतर असतात. त्याच दिशेने गुरू किंचित लांबट दिसेल.

गुरू दुर्बिणीत दिसतो, पण आपण ज्या पृथ्वीवर उभे आहोत तिचा चपटेपणा माणसाला कळला कसा? तोही अवकाशातला पहिला फोटो निघण्याच्या कितीतरी आधी? उत्तर आहे मोजणी. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात या नोंदीची सांगड पृथ्वीच्या फुगवट्याशी घातली.

पुढचा अध्याय आपल्या देशातला आहे. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी बांधायला सुरुवात केली. नकाशा हवाच होता, पण पृथ्वीचा खरा आकार काढणं हाही त्याचा हेतू होता. उत्तरेकडे सरकत असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं आणि १८३० मध्ये पृथ्वीचा चपटेपणा मांडला : सुमारे ३०१ भागांत एक भाग. आज उपग्रह सांगतात २९८ भागांत एक. मोजणीच्या साखळ्या, कोन मोजणारं थिओडोलाइट आणि चिकाटी यांच्या बळावर काढलेला हा आकडा आहे. तेव्हा छायाचित्रणाची कला बाल्यावस्थेत होती.

अर्थात कॅमेऱ्याचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. मंगळयानाचंच पाहा. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाभोवती पोचलं तेव्हा त्याची कक्षा फार लांबट होती : जवळचं टोक सुमारे ४२० किलोमीटरवर, दूरचं सुमारे ७७,००० किलोमीटरवर. या दूरच्या टोकामुळे त्याच्या रंगीत कॅमेऱ्याला मंगळाची अख्खी चकती एका चौकटीत मिळाली. त्याच कॅमेऱ्याने १ जुलै २०२० रोजी ४,२०० किलोमीटरवरून फोबोस हा मंगळाचा चंद्र टिपला. खड्ड्यांनी भरलेला, वेडावाकडा. त्याची लांबी सुमारे २७ किलोमीटर, तर सर्वांत अरुंद बाजू १८. एवढ्याशा खडकाचं गुरुत्वाकर्षण त्याला गोल घडवायला पुरत नाही. ९४० किलोमीटर व्यासाचा सेरेस हा बटुग्रह गोल होतो, सव्वापाचशे किलोमीटरचा व्हेस्टा हा लघुग्रह मात्र बेढबच राहतो. हे पाहायला कॅमेराच लागतो.

आता व्हॉट्सॲपवर अधूनमधून येणाऱ्या त्या रंगीबेरंगी, ओबडधोबड गोळ्याकडे येऊ. ‘समुद्राचं पाणी काढलं तर पृथ्वी अशी दिसेल’ असं त्याखाली लिहिलेलं असतं. तो फोटो नाही आणि पाणी काढून टाकण्याशीही त्याचा संबंध नाही. तो गुरुत्वाकर्षणाचा आलेख आहे, ‘पॉट्सडॅमचा बटाटा’ या नावाने प्रसिद्ध असलेला. पृथ्वीच्या पोटात कुठे जड, कुठे हलकं द्रव्य असल्याने समुद्राची पातळी गणिती गुळगुळीत आकारापेक्षा कुठे वर, कुठे खाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती शंभराहून अधिक मीटर खाली आहे, जगात सर्वांत खोल. त्या खोलगटपणाचा उतार आपल्यापर्यंत येतो. वसईचा समुद्र त्या गणिती आकाराच्या साठेक मीटर खाली आहे. १३,००० किलोमीटरच्या गोळ्यावर एवढे फरक दिसणार कसे? म्हणून ते हजारो पटींनी फुगवून रंगवले. आलेख खरा आहे, त्याखालची ओळ खोटी.

ग्रहाचं कोणतंही चित्र समोर आलं की तीन गोष्टी विचारा. ते किती अंतरावरून घेतलं? कोणत्या लेन्सने किंवा यंत्राने? आणि त्यात काही फुगवून दाखवलंय का? यांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते चित्र पुढे पाठवू नका.

पुढच्या आठवड्यात : शनीची कडी काही वर्षांनी दिसेनाशी का होतात?