घाटाची नजर, ट्रॅकची हौस

केडगाव स्टेशनातून जाणारा लोहमार्ग मुंबईहून थेट चेन्नईला जातो. चेन्नईच्या गाड्या आमच्याकडे न थांबता शिट्टी मारून निघून जातात. भारतातल्या मोटर रेसिंगचे माहेर याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला आहे. चेन्नईबाहेर, बंगळूर रस्त्यावरच्या इरुंगट्टुकोट्टईला, १९९० पासून ट्रॅक आहे. त्याआधी शर्यती शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर होत. दुसरा ट्रॅक कोइम्बतूरचा, तिसरा दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा. आपल्या टोकाला काय आहे? चाकण, पिंपरी, आकुर्डी, रांजणगाव. गाड्या इकडे बनतात आणि शर्यती तिकडे होतात. महाराष्ट्रातल्या मोटर रेसिंगच्या चाहत्याची सगळी गंमत आणि सगळी तक्रार या एका वाक्यात मावते.

तरीही दौंड-शिरूरच्या माणसाला शर्यत पाहायला कोणी शिकवावे लागत नाही. भीमा ओलांडून शिरूरच्या बाजूला गेले, की पुढे खेड, आंबेगाव, जुन्नरपर्यंत घाटातल्या बैलगाड्यांचा मुलूख. चार बैल, पुढे घोडी, चढाची सरळ वाट. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची लढाई फक्त घड्याळाशी असते. ती एक धाव म्हणजे बारी. निकाल सेकंदाच्या अंशावर ठरतो, आणि तो अंश घाटाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्याला घड्याळाआधी कळतो. भीमेच्या अलीकडे, बारामती-फलटणच्या दिशेला, मैदानी शर्यतीची रीत. छकड्या एका रेषेवरून एकदम सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. केडगाव या दोन्ही रीतींच्या मधोमध बसले आहे.

फॉर्म्युला वनचा शनिवार आणि रविवार नेमका असाच वाटून दिलेला आहे. शनिवारची पात्रता फेरी हा घाट. एकेका लॅपची वेळ, तीन टप्प्यांत गळती, आणि सर्वांत कमी वेळ लावणाऱ्याला पहिल्या जागेवरून सुटण्याचा मान. रविवारी मैदान. वीस-बावीस गाड्या एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर कोणी कोणाला ढकलले यावर आठवडाभर वाद चालतो. आमच्याकडच्या एखाद्या बैलगाडा शौकिनाला पात्रता फेरी दाखवा. टायर, इंजिन, पंख यांतले काही कळले नाही तरी ड्रायव्हर लॅप कुठे हरला हे तो अचूक सांगेल.

टीव्हीवर हा खेळ आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबलबरोबर आला. ड्रायव्हर सेना १ मे १९९४ ला इमोलाच्या शर्यतीतल्या अपघातात गेला, तेव्हा खेडोपाडी त्याचे नाव फार थोड्यांना माहीत होते. शूमाकर मात्र घराघरांत पोचला. लाल गाडी, एकच नाव, आणि दर पंधरवड्याला तोच जिंकणार ही खात्री. युरोपातली शर्यत आपल्या घड्याळात सहसा रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, हे चाहत्यांचे मोठेच भाग्य. धारा काढून झालेल्या असतात आणि जेवणाला अवकाश असतो. ब्राझीलची शर्यत रात्री साडेदहाला. जपान आणि ऑस्ट्रेलिया सकाळी, म्हणजे बाजाराच्या किंवा पाणी धरायच्या वेळेला. त्यात भारनियमनाची वर्षे होती. पंचविसाव्या लॅपला वीज जायची आणि आली की समोर थेट बक्षीस समारंभ. मधल्या तीस लॅप दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शोधायच्या, तर क्रीडापानाच्या तळाशी दोन ओळी सापडायच्या. आता २०२४ पासून शर्यती फॅनकोडवर मोबाइलमध्ये दिसतात. वीज गेली तरी फोन चालतो. मधल्या काळात २०१९ पासून नेटफ्लिक्सवरच्या मालिकेने एक नवीच पिढी या खेळात ओढून आणली. तिला ड्रायव्हरांची भांडणे पाठ असतात आणि टायरचे नियम नसतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. खेळाला प्रेक्षक कुठल्या का दाराने येईना.

टायरचे नियम मात्र समजून घ्यायलाच हवेत, कारण अर्धी शर्यत तिथे आहे. कोरड्या हवेत तीन प्रकारचे टायर मिळतात. लाल खुणेचा मऊ, पिवळ्या खुणेचा मध्यम आणि पांढऱ्या खुणेचा कडक. मऊ टायर पकड जास्त देतो आणि लवकर संपतो. शर्यतीत निदान दोन प्रकार वापरावेच लागतात, म्हणजे पिटमध्ये थांबणे आले. मॅकलारेनच्या माणसांनी २०२३ मध्ये कतारला चार चाके १.८० सेकंदांत बदलली. पण खरी करामत असते कधी थांबायचे यात. पुढच्याच्या एक-दोन लॅप आधी थांबून, नव्या टायरवर जोरात पळून, तो पिटमधून बाहेर पडेपर्यंत त्याच्या पुढे जायचे. रस्त्यावर न गाठता गाठायचे. हा डाव एकदा कळला की कंटाळवाणी वाटणारी शर्यतही बसून बघावीशी वाटते. एकूण अंतर ३०५ किलोमीटरांच्या जरा वर, म्हणजे केडगावहून सोलापूर गाठून निम्म्याहून अधिक वाट परत यायचे, आणि हे सगळे साधारण दीड तासात.

भारतीय चाहत्याच्या वाट्याला या खेळात आनंदाचे क्षण मोजकेच आले, आणि आले तेही जरा तिरकेच. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, टाटांच्या पाठबळावर. त्याच वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनच्या टायरांवर भरवसा उरला नाही म्हणून चौदा गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच बाजूला झाल्या. उरलेल्या सहांत कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला ५ गुण मिळाले. भारतीय ड्रायव्हरच्या नावावर फॉर्म्युला वनमध्ये जमा असलेले गुण तेवढेच. त्यांची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. मला ती पटत नाही. समोर कोण नाही हे ठरवणे ड्रायव्हरच्या हातात नसते, आणि सहा जणांतही दोघे त्याच्या मागे होते.

त्यानंतर विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया संघ २००८ मध्ये आला. नाव भारतीय, कारखाना इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला, ड्रायव्हर परदेशी. तरीही ३० ऑगस्ट २००९ ची स्पाची शर्यत विसरता येत नाही. संघाचा ड्रायव्हर फिसिकेला पहिल्या जागेवरून सुटला आणि रायकोनेनच्या फेरारीच्या मागे एका सेकंदाच्याही आत राहून दुसरा आला. पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये हा संघ गुणतक्त्यात चौथा होता, अगदी तुटपुंज्या पैशावर. मालकाच्या आर्थिक लफड्यांनी २०१८ मध्ये तो बुडाला आणि विकला गेला. आज तोच संघ ॲस्टन मार्टिन नावाने धावतो.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचीही कहाणी अशीच. ३० ऑक्टोबर २०११ ला पहिली भारतीय ग्रां प्री झाली. सरावाच्या दिवशी ट्रॅकवर कुत्रे शिरले आणि सराव थांबवावा लागला, ही बातमी जगभर गेली. २०११ ते २०१३ अशी तिन्ही वर्षे फेटेलच जिंकला. २०१३ मध्ये तर त्याने चौथे विश्वविजेतेपद इथेच पक्के केले आणि आनंदाने गाडी गोलगोल फिरवली, त्याबद्दल संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. मग करमणूक कराचा वाद, कोर्टकचेऱ्या, आणि २०१४ पासून शर्यत बंद. मोटरसायकलींची मोटोजीपी सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच ट्रॅकवर एकदा येऊन गेली. बैलगाडा शर्यतही मध्ये कोर्टाच्या बंदीने थांबली होती, पण खेळ की करमणूक या प्रश्नावर नव्हे. तिथे मुद्दा मुक्या जनावराच्या छळाचा होता आणि तो दमदार होता. पण मे २०१४ च्या निकालापासून १६ डिसेंबर २०२१ च्या सशर्त परवानगीपर्यंत आणि पुढे १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत गाडामालक चिकाटीने भांडत राहिले. बुद्ध सर्किटसाठी इतक्या नेटाने भांडणारे कोणी नव्हते, हे आपल्या चाहतेपणाबद्दल पुरेसे बोलते.

मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीला झालेल्या शर्यतीत बैलांना बक्षीस म्हणून जेसीबी, ट्रॅक्टर, बोलेरो आणि मोटरसायकली ठेवल्या होत्या. हसू येते खरे, पण या भागाचे वेड कुठल्या दोन टोकांना बांधलेले आहे ते त्यात दिसते.

आता कारखान्यांकडे वळू. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याने गेले की रांजणगाव फार लांब नाही. तिथल्या फियाटच्या कारखान्यात लिनिया आणि पुंटो बनत होत्या, तेव्हा फेरारीही फियाटच्याच घरातली होती. २०१५ मध्ये याच कारखान्यातून विंचवाचे चिन्ह मिरवणारी अबार्थ पुंटो बाहेर पडली, १४५ हॉर्सपॉवरची. खपली कमी, पण ज्याने ती चालवली तो अजून तिच्याबद्दलच बोलतो. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून आहे आणि त्याच्या पुढच्याच वर्षी पोलो गाड्यांची शर्यत मालिका देशात सुरू झाली.

त्याहून मोठी गोष्ट केटीएमची. बजाज ऑटोने २००७ पासून या ऑस्ट्रियन कंपनीत भांडवल घातले आणि २०१२ पासून चाकणच्या ड्यूक आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या. केटीएम २०१७ मध्ये पूर्ण हंगामासाठी मोटोजीपीत उतरली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ब्रनोला ब्रॅड बिंडरने तिला पहिला विजय मिळवून दिला. २०२४ च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली, तेव्हा २०२५ मध्ये तिला बाहेर काढायला बजाजचाच पैसा धावला. मोटोजीपीच्या रांगेतल्या केशरी गाड्यांमागे आकुर्डीची तिजोरी आहे, आणि हे चाकणच्या लाइनवर काम करणाऱ्या कित्येक पोरांना कोणी सांगितलेलेच नसते. महिंद्राने तर २०११ पासून छोट्या गटात स्वतःचा संघ उतरवला होता. २०१६ मध्ये आसेनला फ्रान्चेस्को बान्याया महिंद्रावर जिंकला. पुढे हाच बान्याया २०२२ आणि २०२३ चा मोटोजीपी विश्वविजेता झाला.

एक बाब खास ऊसवाल्यांसाठी. अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेत २०२३ पासून जे इंधन वापरतात त्यातले इथेनॉल उसाच्या चिपाडापासून केलेले असते. फॉर्म्युला वनमध्ये २०२२ ते २०२५ या हंगामांत इंधनात दहा टक्के इथेनॉल मिसळत होते. भीमा पाटस साखर कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर लावून बसलेल्याला हे ऐकवले तर तो आधी दर विचारील, आणि ते रास्तच आहे.

ड्रायव्हर घडवण्यात महाराष्ट्र अगदीच मोकळा नाही. कोल्हापूरने कार्टिंगचे वेड जपले आणि तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्ये साखीरला जिंकला, फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. पुण्याचे संजय टकले वर्षानुवर्षे आशियातल्या रॅली गाजवत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या डाकार क्लासिकमध्ये उतरले. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुण्याच्या डायना पंडोल यांची कामगिरी. मुलांची आई असलेल्या या बाईंनी २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर सलून गटाचे राष्ट्रीय विजेतेपद पुरुषांशी थेट झुंजून मिळवले, आणि असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांना जितकी जागा दिली त्याच्या दसपट द्यायला हवी होती.

घराजवळ पाहण्यासारखे सध्या एकच आहे, सुपरक्रॉस. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली. मातीचे उंच ढिगारे, हवेत उडणाऱ्या मोटरसायकली, दणदणाट. हे पाहायला नियम कळावे लागत नाहीत. अशा शर्यतींना मराठी समालोचन हवे असेल तर स्टुडिओत माणसे शोधू नयेत. घाटावरचे निवेदक बोलवावेत. बारीचा वेग शब्दांत पकडण्याची जी हातोटी त्यांच्याकडे आहे ती विकत मिळणारी नाही.

या खेळात जीव जातो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळूरचा तेरा वर्षांचा एक मुलगा मोटरसायकल शर्यतीत गेला. तिथे डॉक्टर, रुग्णवाहिका, मार्शल सगळे असतात, तरीही. मग पुणे-सोलापूर रस्त्यावर सायलेन्सर काढून, हेल्मेटविना, उसाच्या ट्रॉल्यांमधून शर्यत लावणाऱ्या पोरांना काय म्हणावे? रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली ही आपल्या रस्त्यांवरची नेहमीची गोष्ट. त्यांच्या वेगाच्या हौसेला मी नावे ठेवणार नाही. हाताशी साधा ट्रॅक नाही, म्हणून ती हौस हायवेवर सांडते. औद्योगिक वसाहतींना हजारो एकर देणाऱ्या सरकारला आणि तिथे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना असा ट्रॅक करून देणे अवघड नाही. मागणी करणाऱ्यांचा आवाज मात्र अजून निघालेला नाही.

तोवर एक करता येईल. अबू धाबी किंवा सिंगापूरच्या तिकिटासाठी पैसे साठवणाऱ्यांनी आधी राष्ट्रीय स्पर्धेची एखादी फेरी बघावी. दौंडला चेन्नईची गाडी पकडली की दुसऱ्या दिवशी तिथे पोचता येते, आणि ट्रॅक शहरापासून चाळीसेक किलोमीटरांवर आहे. गर्दी नसते, ड्रायव्हर आणि मेकॅनिक अगदी जवळून दिसतात. जाताना घरातल्या पोरालाही सोबत न्या.