कोरा रकाना

संगणकाचे नाव काढले की कलाशाखेतील आपण मंडळी ‘तो आपला प्रांत नव्हे’ म्हणून मोकळे होतो. तथापि नोंदवही कशी आखावी, हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच माणसाचाही आहे.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली ‘जँगो’ ही संकेतस्थळे उभारण्याची चौकट आकारास आली. २००५ साली ती सर्वांना खुली झाली. तीत माहिती साठविण्यापूर्वी ‘मॉडेल’ लिहावे लागते. मॉडेल म्हणजे नोंदवहीची आखणी. समजा, ग्रंथालयासाठी ‘वाचक’ हे मॉडेल केले. त्यात नाव, जन्मतारीख वगैरे जे लिहावे त्याचे रकाने होतात. प्रत्येक वाचक म्हणजे एक ओळ. पुढे ‘मायग्रेशन’ केले की ही आखणी प्रत्यक्ष तक्त्यात उतरते. ‘देवघेव’ हे दुसरे मॉडेल ‘फॉरेन की’ने वाचकाशी जोडायचे. वाचकाची नोंद काढल्यास त्याच्या देवघेवीचे काय, हेही आधीच सांगावे लागते: सर्व पुसावे, पुसण्यास मनाई करावी, की दुवा रिकामा ठेवावा.

खरी मेख रकान्यात आहे. वेगळे सांगितले नाही, तर रकाना सक्तीचा धरला जातो. माझ्या आजीला जन्मतारीख विचारा; ती म्हणेल, “मोठा पूर आला त्या साली, पेरणीच्या आधी.” उत्तर खोटे नाही, पण तारखेच्या रकान्यात बसत नाही. मग भरणारा एखादी तारीख ठोकून देतो. आमच्या गावात कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, ती अशीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली.

जँगोत यावर उपाय आहे. ‘नल’ला होकार दिला की तक्ता कोरी जागा स्वीकारतो, ‘ब्लँक’ला दिला की अर्जही स्वीकारतो. ‘ठाऊक नाही’ हेही उत्तर आहे, असे मग यंत्र मान्य करते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मी भरलेल्या एका अर्जात ‘पालकांचे शिक्षण’ या रकान्यात ‘शाळेत गेले नाहीत’ हा पर्यायच नव्हता. असे पर्यायही मॉडेलमध्ये ‘चॉइसेस’ म्हणून कोणीतरी लिहिलेले असतात. माझे मत असे की, ते लिहिण्यापूर्वी ज्यांची नोंद व्हायची अशा दहा माणसांशी बोलून यावे. हे काम कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना निश्चित जमेल.