अग्रलेखाची उमेदवारी : जोसेफ रागो स्मृती अभ्यासवृत्ती

बातमी कशी मिळवावी, ती कशी पडताळून घ्यावी आणि थोडक्या शब्दांत कशी मांडावी, हे शिकविण्याची व्यवस्था आता बऱ्याच देशांत झालेली आहे. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांचा बहुतेक भर याच गोष्टींवर असतो. घडलेल्या घटनेविषयी मत बनवावे कसे आणि ते जबाबदारीने लिहावे कसे, हे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. ते ज्याने त्याने जुन्या संपादकाच्या टेबलाशेजारी बसून, खाडाखोड सोसून शिकावयाचे, अशीच आजवरची रीत आहे. या रीतीलाच पैशाचे व काळाचे बळ देणारा एक उपक्रम अमेरिकेत चालू झाला. मतपर लेखन करणाऱ्या नवोदित पत्रकारांसाठी असलेली ही योजना 'जोसेफ रागो स्मृती अभ्यासवृत्ती' या नावाने ओळखली जाते.

ज्यांच्या नावे ती देण्यात येते ते जोसेफ रागो हे काही जुन्या पिढीतील संपादक नव्हते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फालमथ हे त्यांचे गाव. डार्टमथ महाविद्यालयातून 2005 साली ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकात उमेदवार म्हणून दाखल झाले. संपादकीय विभागात ते पुढे स्थिरावले. जुलै 2017 मध्ये त्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे 34 वर्षांचे होते.

वॉल स्ट्रीट जर्नलचे अग्रलेख निनावी असतात. ते पत्राचे मत म्हणून छापले जातात आणि त्यामागचा हात वाचकाला दिसत नाही. रागो यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते 2011 साली, अग्रलेखनासाठीचे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले तेव्हा. अग्रलेखनासाठी हे पारितोषिक 1917 सालापासून दिले जाऊ लागले. अठ्ठाविशीतील लेखकाला ते मिळावे, ही गोष्ट तशी विरळाच.

या पारितोषिकामागील लेखनाचा विषय रूक्ष म्हणावा असाच होता. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी आरोग्यविमा सुधारणेचा कायदा पुढे आणला होता. मार्च 2010 मध्ये प्रतिनिधिगृहाने तो 219 विरुद्ध 212 मतांनी संमत केला आणि अध्यक्षांची स्वाक्षरी होऊन तो अंमलात आला. छापील कायदा नऊशेहून अधिक पानांचा. रागो यांनी या सुधारणेविरुद्ध लिहिले. त्यांच्या लेखनाचा भर विशेषणांवर नव्हता. कलमे, खर्चाचे अंदाज आणि नियमांचे प्रत्यक्ष परिणाम यांवर होता. मॅसॅच्युसेट्स या त्यांच्या स्वतःच्या राज्यात 2006 सालीच विमा सक्तीचा करणारा कायदा झालेला होता. तेथे विम्याच्या हप्त्यांचे व खर्चाचे काय झाले, हा पुरावा त्यांनी वाचकांपुढे ठेवला. जे देशभर व्हावयाचे ते एका राज्यात आधीच घडून गेले आहे, तेव्हा तेथे जाऊन पाहा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

त्यांचे म्हणणे सर्वांना पटले असे नाही. तो कायदा रद्द झाला नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने त्याचा मुख्य भाग वैध ठरविला. कोट्यवधी लोकांना त्यामुळे विम्याचे संरक्षण मिळाले, हेही नाकारता येणार नाही. म्हणजे ज्या वादात रागो यांच्या बाजूची सरशी झाली नाही, त्या वादातील लेखनाबद्दलच त्यांचा गौरव झाला. कायदा करणाऱ्यांना व तो राबविणाऱ्यांनाही अशा प्रतिपक्षाचा उपयोग असतो, कारण तो मसुदा वाचून आलेला असतो. एखाद्या योजनेवर प्रतिकूल अग्रलेख आला की 'हे कोणी लिहिले?' हा प्रश्न कचेऱ्यांतून पहिल्याने निघतो. 'नियम वाचून लिहिले आहे काय?' हा प्रश्न क्वचितच निघतो, आणि खरे पाहता कामाचा तोच आहे.

रागो यांच्या निधनानंतर 'द फंड फॉर अमेरिकन स्टडीज' या संस्थेने त्यांच्या स्मरणार्थ ही अभ्यासवृत्ती सुरू केली. ही संस्था 1967 साली स्थापन झाली असून तिचे कार्यालय वॉशिंग्टन येथे आहे. निवड झालेल्या तरुण पत्रकाराने नऊ महिने वॉल स्ट्रीट जर्नलच्या संपादकीय विभागात प्रत्यक्ष काम करावयाचे, असे या योजनेचे स्वरूप आहे. हे पारितोषिक नव्हे. पारितोषिक झालेल्या कामासाठी मिळते. येथे काम पुढे व्हावयाचे असते. रोजच्या अंकाची वेळ गाठताना आदल्या दिवशीचे मत आज चुकीचे ठरण्याचा धोका असतो. वाक्यातला आकडा कोठून आणला, असे ज्येष्ठ सहकारी विचारतो आणि उत्तर नसेल तर वाक्य काढून टाकावे लागते. असे धडे व्याख्यानातून मिळत नाहीत.

याच संस्थेकडे रॉबर्ट नोव्हॅक या स्तंभलेखकाच्या नावाचीही एक अभ्यासवृत्ती आहे. तिची पद्धत अगदी वेगळी. तीत नवोदित पत्रकाराने स्वतः निवडलेल्या एका विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा करून लिहावयाचे असते. एकीत एकांतातील अभ्यास, तर दुसरीत विभागातील रोजची रगड. अग्रलेखकाच्या घडणीला ही दुसरी वाट अधिक मानवते, असे म्हणण्यास जागा आहे. स्वतः वॉल स्ट्रीट जर्नलही आपल्या संपादकीय विभागात रॉबर्ट बार्टली यांच्या स्मरणार्थ तरुणांना अल्पकाळची उमेदवारी देत आले आहे. 1972 पासून जवळजवळ तीस वर्षे बार्टली यांनी या विभागाची धुरा वाहिली. अग्रलेखनाचे पुलित्झर त्यांनाही 1980 साली मिळाले होते.

या योजनेची एक मर्यादा मात्र ध्यानी घ्यावयास हवी. वॉल स्ट्रीट जर्नलचे संपादकीय धोरण खुल्या बाजारपेठेचे व मर्यादित शासनाचे कैवारी आहे, आणि अभ्यासवृत्ती देणाऱ्या संस्थेचाही कल तोच आहे. साहजिकच तेथे उमेदवारी करावयास येणारा तरुण बहुधा त्याच विचाराचा असणार. मात्र हा कल लपविलेला नाही. या दैनिकात बातमी विभाग व संपादकीय विभाग यांचा कारभार स्वतंत्रपणे चालतो. बातमीदाराने अग्रलेखाच्या सोयीची बातमी द्यावी असा प्रघात नाही, आणि बातमीतील वस्तुस्थिती अग्रलेखाला गैरसोयीची ठरल्याचे प्रसंगही वाचकांनी पाहिलेले आहेत. नऊ महिन्यांच्या उमेदवाराला मतांचा पक्ष निवडून मिळतो. आकड्यांचा पक्ष त्याला निवडता येत नाही. तो मजल्यावरच्या बातमी विभागातून, शासकीय अहवालांतून आणि विरोधी मताच्या वाचकांच्या पत्रांतून रोज त्याच्या टेबलावर येत राहतो.