लहान लेकराला घेऊन दोन दिवस मुंबई



आपल्या पत्रिकेत माती परीक्षण, खोडव्याची निगा, ठिबक, हुमणीचा बंदोबस्त या विषयांवर वरचेवर माहिती येते आणि ती यायलाच हवी. आज मात्र विषय थोडा वेगळा घेतला आहे. लागण झाली की आपण उसाची नोंद करतो आणि तोडीची वाट बारा-पंधरा महिने बघतो. पण घरातल्या लेकराला शहर दाखवून आणायचे म्हटले की आपले उत्तर ठरलेले : "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी शेतात ऊस असतोच. पोर मात्र तेवढंच राहत नाही.

मी शहाणपण सांगायला बसलेलो नाही. एकदा चुकलो, आणि ती चूक दुरुस्त करायला मला चाळीस वर्षे लागली. ती हकिगत आधी सांगतो.

१९८४ सालची फेरी

१९८४ साली ऊस गेल्यावर, पहिल्या उचलीचे पैसे हातात असताना, आम्ही उभयता थोरल्याला घेऊन मुंबईला गेलो. पोराचे वय साडेचार. खर्च करतोच आहोत तर सगळे एका दमात पदरात पाडून घ्यावे, हा आपला शेतकऱ्याचा हिशोब. सकाळी राणीची बाग, मग म्युझियम, मग गेटवे, दुपारी तारापोरवाला मत्स्यालय, तिथून मलबार हिलवर म्हातारीचा बूट आणि दिवस मावळताना गिरगाव चौपाटी. दुपारपासून पोर कडेवर येण्यासाठी रडत होते आणि मी त्याला "एवढं बघून घे" म्हणून ओढत होतो.

चौपाटीवर भेळेचे पैसे द्यायला मी त्याचा हात सोडला. मागे वळून बघतो तर पोर नाही.

वीस-पंचवीस मिनिटे आम्ही त्या गर्दीत धावत होतो. सौ. तर पाण्याकडे बघून नुसती थरथरत होती. शेवटी एका शहाळेवालीच्या खोक्यावर पोर बसलेले सापडले. त्या बाईने त्याला नाव विचारले, ते त्याने सांगितले. बापाचे नाव विचारले तर म्हणाला, "अण्णा." गाव विचारले तर म्हणाला, "फॅक्टरी." त्याच्या परीने उत्तर बरोबर होते, पण मुंबईत त्यावरून कोणाला काय कळणार?

त्या रात्रीच आम्ही परतीची गाडी धरली. पुढे कधी मुंबईचा विषय निघाला की सौ. एवढेच म्हणायची, "समुद्र बघितलाच नाही मी. त्या दिवशी पाण्याकडं बघवलंच नाही मला."

आणि थोरल्याला आज विचारा, मुंबईत काय बघितलंस? सहा ठिकाणांपैकी एक सांगता येत नाही. त्याला फक्त ते खोके आठवते.

एक सकाळी, एक संध्याकाळी

आता त्याच थोरल्याचा मुलगा साडेचार वर्षांचा झाला. मी विषय काढला तर चिरंजीवांचे उत्तर तयार : "अण्णा, आता कुठं जाताय? खोडव्याला पाणी द्यायचंय, लाईट रात्रीची हाय." म्हटले, हे तर माझेच बोलणे माझ्या कानावर परत आले. यावेळी मी हट्टाने बेत आखला. नियम एकच ठेवला : दिवसाला दोनच ठिकाणे, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. दुपार लेकराच्या झोपेची. जे राहील ते राहू द्यायचे.

केव्हा जावे

ऊस तुटायच्या आधी बेत करू नये. टोळी कोणत्या दिवशी फडात उतरेल याचा नेम नसतो, आणि आपण मुंबईत असताना उसाला कोयता लागला तर जिवाला चैन पडत नाही. ऊस गेल्यावर बुडखे छाटावेत, पाचट सरीत दाबावी, खोडव्याला खत आणि पहिले पाणी द्यावे. त्यानंतर आठ-दहा दिवसांची जी फट मिळते ती आपली. आडसाली ऊस लवकर गेला असेल तर ही फट बहुधा जानेवारीत पडते. मुंबईची हवाही तेव्हा बरी असते. पावसाळा आणि मे महिना लहान लेकराला घेऊन टाळावा.

जनावरांची धार आणि वैरण शेजाऱ्याकडे आधी बोलून सोपवावी आणि त्याच्या वेळेला आपण उभे राहावे. आम्ही शेजाऱ्याला सांगितले, "दोन दिवस तू बघ, तुझ्या वेळेला चार दिवस मी बघतो." त्याने हसत मान डोलावली. एवढे साधे बोलणे होते, ते चाळीस वर्षे सुचले नव्हते.

गाडी आणि तिकीट

आपल्या भागाला महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. कोल्हापूर, मिरज, सांगली, कराड, सातारा अशी रात्रीची निघते आणि सकाळी मुंबईत पोहोचते. शुक्रवारी रात्री बसावे, शनिवार-रविवार मुंबईत काढावेत, रविवारी रात्री परत बसावे, सोमवारी सकाळी घरी. लॉजचे भाडे एकाच रात्रीचे पडते आणि लेकरू दोन्ही वेळा झोपेत प्रवास करते.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते. ऊस गेल्यावर तारीख ठरवायची तर तेवढे दिवस हाताशी नसतात, म्हणून ठरले की त्याच दिवशी तिकीट काढावे. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाला बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडे पडते आणि बर्थ नको असेल तर अर्धे. वयाचा दाखला जवळ ठेवावा. लेकराच्या आईला खालची बर्थ मागून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा आजी-आजोबांचे भाडे पूर्ण धरूनच हिशोब करावा.

ज्यांना रेल्वे लांब पडते त्यांना एस.टी. आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे, त्यामुळे सासू-सुना दोघींचे मिळून एकच तिकीट पडल्यासारखे होते.

लॉज बोरीबंदर स्टेशनच्या आसपास बघावा. सकाळी आठ वाजता खोली मिळेल का आणि रविवारी किती वाजता सोडावी लागेल, हे फोनवर आधीच विचारून घ्यावे. लेकराला घेऊन लॉजच्या दारात ताटकळायची वेळ आली की दिवस तिथेच बिघडतो.

शनिवार : राणीची बाग आणि चौपाटी

सकाळी आंघोळ, न्याहरी आटोपून सीएसएमटीहून धीमी लोकल धरावी. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरे स्टेशन भायखळा. सकाळी कचेरीची गर्दी शहराच्या आत येत असते आणि आपण बाहेर जात असतो, त्यामुळे बसायला जागा मिळते.

राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६० च्या सुमाराची. बुधवारी बंद असते. रविवारी फार गर्दी होते, म्हणून शनिवार सकाळ बरी. बागेचा पसारा सुमारे पन्नास एकर. पन्नास एकर म्हणजे किती, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तेवढे शिवार लहान पायांनी एका दमात पालथे होत नाही. आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या होत्या. एक पेंग्विन. २०१६ साली ते दक्षिण कोरियातून आणले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळाले. थंड केलेल्या खोलीत काचेपलीकडे ते पोहतात. दुसरी गोष्ट घारापुरीचा दगडी हत्ती. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत मोडला, पुढे तुकडे सांधून इथे उभा केला.

नातवाने पेंग्विनपुढे पाऊण तास काढला. थोरला दोनदा म्हणाला, "चला की, वाघ राहिलाय अजून." मी त्याला दंडाला धरून थांबवले. वाघ राहिला तो राहिलाच. जुनी झाडे मात्र सभासदांनी जरूर बघावीत. गोरखचिंचेचा बुंधा बघून सौ. म्हणाली, "ह्याला किती पाणी लागत असंल!"

दुपारी लॉजवर येऊन सगळे झोपलो. पाच वाजता चौपाटीला निघालो. सीएसएमटीहून भुयारी मेट्रोने काळबादेवी आणि मग गिरगाव, दुसरे स्टेशन. तिथून थोडे चालणे आहे, लेकरू दमले असेल तर टॅक्सी करावी. ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. जमिनीखालून गाडी जाते याचेच नातवाला अप्रूप.

चौपाटीवर मी पाऊल टाकले तेव्हा छातीत धडधडत होते, खोटे कशाला सांगू. नातवाचा एक हात मी धरला होता, एक सौ.ने. पाण्यात घोट्यापेक्षा पुढे कोणी गेले नाही. लाट पायाखालून परत गेली तशी नातवाने विचारले, "आबा, एवढं पाणी कुणाच्या पाळीचं?" सौ.ला असे हसू आले की पदर तोंडाला लावावा लागला. मग दिवस मावळेपर्यंत ती समुद्राकडे बघत वाळूत बसून राहिली. आम्ही कोणी तिला चला म्हटले नाही.

रविवार : गेटवे आणि म्युझियम

रविवारी लोकलवर मेगाब्लॉक असतो, गाड्या उशिरा धावतात. म्हणून रविवार बोरीबंदराच्या आसपासच काढावा. सकाळी लवकर बसने गेटवेला जावे. गेटवे १९२४ साली पुरा झाला. फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण याच दारातून परत गेली. समोरच शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे, तो २६ जानेवारी १९६१ रोजी उभारला. लेकराला कडेवर घेऊन एवढे सांगितले तरी पुरे.

बोटीत बसायचा मोह होतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला वेगाने येणाऱ्या दुसऱ्या बोटीची धडक बसली आणि माणसे दगावली. बसायचेच असेल तर लेकराच्या मापाचे लाइफ जॅकेट अंगावर चढल्याशिवाय बसू नये. मापाचे नसेल तर काठावरूनच बोटी बघाव्यात. घारापुरीच्या पायऱ्याही लहान मुलाला जड जातात. तो बेत आणखी चार वर्षांनी करावा.

तिथून जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ साली ते लोकांसाठी खुले झाले. आवारात २०१९ पासून मुलांचे वेगळे संग्रहालयही आहे. दीड तास खूप झाला. दुपारी जेवण आणि विश्रांती. सायंकाळी वेळ उरला तर विजेवर चालणाऱ्या डबलडेकर बसची एक फेरी करावी. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, पण वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसायची मजा तीच आहे.

खिशातली चिठ्ठी

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लेकराच्या खिशात चिठ्ठी असावी. तीवर आईबापाचे नाव, गाव, तालुका, दोन मोबाईल नंबर आणि लॉजचा नंबर लिहावा. कपडे भडक रंगाचे घालावेत आणि रोज सकाळी त्या कपड्यांत मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. "हरवलास तर जागचा हलू नकोस, पोलिसाला किंवा दुकानातल्या बाईला चिठ्ठी दाखव," हे घरीच चार वेळा वदवून घ्यावे. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर मोठ्यांनी पाठ करावेत, रेल्वेत १३९. पैसे देताना पोराचा हात सोडायचा नाही. पैसे एकाने द्यायचे, हात दुसऱ्याने धरायचा. बरोबर गूळ-शेंगदाण्याचे लाडू, दशम्या, उकळून गार केलेले पाणी आणि डॉक्टरांना विचारून घेतलेले तापाचे औषध असावे.

आमच्या नातवाची चिठ्ठी सौ.ने लिहिली. गावाच्या नावापुढे तिने फॅक्टरीचेही नाव घातले. म्हणाली, "असू दे, ह्यालाबी इचारलं तर त्योच सांगंल." दोन दिवस ती चिठ्ठी खिशात राहिली, उघडायची वेळ आली नाही.

सोमवारी सकाळी घरी आलो तेव्हा शेजाऱ्याने धार काढून चरवी दारात ठेवली होती. खोडव्याचे पाणी एक दिवस लांबले, पण त्याने ऊस काही वाळला नाही. पुढच्या महिन्यात शेजारी त्याच्या दोन्ही नातींना घेऊन निघणार आहे. त्याची चार दिवसांची धार माझ्याकडे.

तेव्हा सभासद मंडळींनो, यंदा तुमचा ऊस गेला की शेजाऱ्याशी बोला आणि तिकीट काढा. दोन दिवसांत चारच ठिकाणे बघा, आणि लेकराचा हात सोडू नका.

— एक सभासद